अक्षत आणि उघडे दार

आमच्याकडे बोलावण्याचे दोन प्रकार आहेत. ‘घर तुमचेच आहे, केव्हाही या,’ हा एक. आणि घरी येऊन, हातावर अक्षत ठेवून, ‘अमुक दिवशी सहकुटुंब यावे,’ असे सांगणे हा दुसरा. पहिल्यात औदार्य अधिक दिसते. पण त्या बोलावण्यावर जेवायला जातो कोण? ज्याला त्या घराचा उंबरठा आधीपासून ठाऊक आहे तोच. नवखा माणूस, संकोची माणूस अक्षतीची वाट पाहतो. ती आली नाही तर मुकाट्याने आपल्या घरी राहतो. आणि यजमान शांत मनाने म्हणतो, ‘दार तर उघडेच होते!’

दार उघडे ठेवले म्हणजे न्याय झाला का, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तो माझ्यापुढे आला अमेरिकेतल्या माझ्या भाच्यामुळे. त्याच्या मुलीला तिकडच्या एका निवडक सरकारी शाळेत प्रवेश मिळाला नाही. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. “मामा,” तो फोनवर म्हणाला, “पोरीनं तीन वर्षं शनिवार-रविवार पाहिला नाही. आणि आयत्या वेळी नियम बदलले. मग गुणाला काही किंमत आहे की नाही?” त्याच्या आवाजात राग होता, पण त्याहून अधिक दुःख होते. असल्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देऊ नये. ते शोधण्यासाठीच हा लेख.

या शाळांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. पण निकालाने वस्त्या बदलत नाहीत, आणि मने तर त्याहून नाहीत. तेव्हा एक युक्ती निघाली. शाळेत विज्ञान, संगीत, नाट्य असे काही खास शिकवावे, म्हणजे दोन्हीकडची मुले आपण होऊन तिकडे ओढली जातील. १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथे आणि १९६९ मध्ये बोस्टनला अशा शाळा निघाल्या. पुढे त्यांना ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक, हे नाव पडले. मुले एकत्र आणावीत हा त्यांचा मूळ हेतू. पण लोहचुंबकाला जवळचा कण आधी चिकटतो. ज्या आईबापांना अर्जाची तारीख ठाऊक, शिकवणीची फी परवडणारी, त्यांची मुले या शाळांच्या अधिक जवळ असतात.

न्यूयॉर्कच्या निवडक शाळांची रीत निराळी. स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या शाळांचे प्रवेश एकाच परीक्षेवर द्यावेत, असा कायदा १९७१ साली झाला. या परीक्षेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. तिथे वशिला चालत नाही. बाप टॅक्सी चालवतो की बँक, हे उत्तरपत्रिका विचारीत नाही. परदेशातून आलेल्या कितीतरी गरीब कुटुंबांची मुले या दारातून वर गेली आहेत. तरीही २०१९ साली स्टायव्हेसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी काळ्या मुलांच्या वाट्याला अवघ्या ७ आल्या. ज्या शहराच्या सरकारी शाळांत काळी आणि लॅटिन वंशाची मुले मिळून दोन तृतीयांशाच्या आसपास होती, त्या शहरातली ही गोष्ट. परीक्षा कोणाला अडवीत नव्हती हे खरे. पण ती कोणाला शोधायलाही जात नव्हती.

शोधायला गेले तर काय होते? याचे उत्तर फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने दिले. तिथे बुद्धिमान मुलांच्या खास वर्गासाठी शिक्षकाने किंवा आईबापाने नाव सुचवावे अशी पद्धत होती. २००५ साली त्यांनी दुसरीच्या सर्वच मुलांची वर्गात बसवून प्राथमिक चाचणी घेतली. निवडीची अंतिम कसोटी तीच ठेवली. बदलले एवढेच की, आता कोणी नाव सुचवण्याची गरज उरली नाही. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खास वर्गात येणाऱ्या गरीब, काळ्या आणि लॅटिन मुलांची संख्या पुष्कळ वाढली होती. ही मुले कालपर्यंत त्याच बाकांवर बसत होती. त्यांची बुद्धी काही त्या चाचणीने निर्माण केली नाही. शिक्षकांना ती दिसली नव्हती आणि आईबापांना विचारायचे असते हे ठाऊक नव्हते, एवढेच.

म्हणून मला वाटते की, गुणवत्तेच्या या वादात आपण चुकीच्या टोकाला भांडतो. निवड करावी की नाही, हा खरा प्रश्न नाही. अवघड गणित शिकवायचे तर ते कोणाला झेपेल हे पाहावेच लागते. खरा प्रश्न असा की, शोधण्याचे कर्तव्य कोणाचे? तेरा वर्षांच्या मुलाने शाळेला शोधायचे, की शाळेने मुलाला? मुलावर ते काम टाकले की आपण त्याची बुद्धी मोजीत नाही, त्याच्या आईबापांची माहिती मोजतो; आणि त्या मापाला गुण हे नाव देतो.

पण एवढ्याने माझ्या भाच्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन या विज्ञानशाळेने २०२० साली प्रवेशपरीक्षा रद्द केली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेसाठी काही जागा राखून ठेवल्या. पुढच्याच वर्षी गरीब घरच्या मुलांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते ते २५ टक्क्यांवर गेले. आशियाई मुलांचे ७३ वरून ५४ वर आले. पालक न्यायालयात गेले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने शाळामंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. कायदा तिथे थांबला; नीती थांबत नाही. ५५० पानांच्या पंगतीत एक नवी अक्षत दिली की जुन्या कोणाचे तरी पान उठते. ज्या मुलीने तीन वर्षे मान मोडून अभ्यास केला, तिला ‘तुझी मेहनत म्हणजे तुझ्या बापाची ऐपत’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे, आणि खोटेही. मेहनत तिचीच होती.

तिचा हक्क मात्र नीट ओळखला पाहिजे. मेहनतीने तिला अवघड विद्या शिकण्याचा हक्क मिळतो. ती दुसऱ्याला मिळू नये असा हक्क मिळत नाही. हे दोन हक्क एक वाटतात, कारण पाने मोजकी मांडलेली असतात. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली सुमारे २७ हजार ५०० मुले परीक्षेला बसली आणि जागा मिळाल्या सुमारे ४ हजार ८०० जणांना. बाकीची सगळीच काय मंदबुद्धीची होती?

मग पंगतच का वाढवू नये? टेक्सासने २०२३ मध्ये कायदा केला की, पाचवीत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या प्रत्येक मुलाचे नाव सहावीच्या प्रगत गणितात आपोआप घालावे. नको असेल तर पालकांनी तसे कळवावे. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये माध्यमिक शाळांसाठी असाच कायदा केला होता. इथे मागावे लागते ते फक्त नकार देण्यासाठी. अक्षत आधीच घरी पोचलेली असते.

पंगत वाढली की आमटीत पाणी घालतात, अशी शंका कोणी काढील. ती अगदीच पोकळ नाही. चांगले शिक्षक नेमले नाहीत, नव्या मुलाला आरंभी हात दिला नाही, तर बोलावून उपाशी ठेवल्यासारखे होईल. पण तो दोष वाढणाऱ्याचा. जेवायला आलेल्याचा नव्हे.

ज्या मुलीची जागा हुकली, तिचे दुःख घरात सर्वांना कळते. तिची आजी फोनवर समजूत घालते, बाप नियमांना बोल लावतो. परंतु अशी काही परीक्षा असते हेच ज्या मुलाच्या घरी कधी कळले नाही, त्याच्या वाट्याला दुःखसुद्धा येत नाही. आपले काय हुकले हे त्याला आयुष्यभर कळणार नाही, आणि म्हणून त्याच्या वतीने कोणी भांडायलाही येणार नाही. त्याची आठवण ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.