टाकण्याआधी पाच मिनिटे

आदिलाबादकडे दिवाळीची साफसफाई आणि कापसाची वेचणी मागेपुढेच येते. माळ्यावरचे सामान खाली उतरते. त्यात एखादी लोखंडी वस्तू अशी निघते की घरातल्या कोणालाच तिचे नाव सांगता येत नाही. वर कडी, खाली हूक, मध्ये वीतभर लांबीची नळी. नळीवर काळी पडलेली पितळी पट्टी, पट्टीला उभी फट आणि फटीत एक बारीक दांडा. हूक ओढला की आत काहीतरी ताणते. सोडला की दांडा आपल्या जागी परत जातो. गंज लागलाय, काही कामाचे नाही, असे म्हणून ती वस्तू भंगारात टाकली जाते. जे आपल्याला कळत नाही, ते कामाचे नाही असे आपण किती पटकन ठरवतो! माणसांच्या बाबतीतही हेच होते. ऑफिसातला एखादा अबोल सहकारी, घरातले एखादे हट्टी म्हातारे माणूस. त्यांचे काम काय, त्यांनी काय काय पेलले आहे, हे विचारायच्या आतच आपण निकाल देऊन मोकळे झालेले असतो.

त्या पट्टीवर थोडी चिंच चोळून बघावी. पितळ उजळते, रेघा आणि आकडे दिसू लागतात. हा ताणकाटा आहे. आत स्प्रिंग असते. ओझे जेवढे जास्त, तेवढी ती ताणते आणि दांडा तेवढा खाली सरकतो. पण आकडे किलोचेच असतील असे धरून चालू नये. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. काटा त्याआधीचा असेल तर तो शेर किंवा पौंड सांगत असेल. ओळखायला एक सोपी युक्ती आहे. रिकामा काटा शून्यावर आहे ना, ते आधी पाहावे आणि मग एक किलो साखरेची पिशवी अडकवावी. दांडा दोनच्या थोडा पुढे थांबला तर काटा पौंडाचा, कारण एक किलो म्हणजे २.२ पौंड. एकच्या जेमतेम पुढे थांबला तर शेराचा. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा.

आता हुकाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. तिथे लोखंड झिजून गुळगुळीत झालेले असते. गाठोड्याची गाठ तिथे बसायची. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी बांधावर गाठोडे करून काट्याला लागायचा आणि वेचणारीची नजर त्या दांड्यावर खिळलेली असायची. तिच्या दिवसाचा हिशेब तो दांडा करायचा. आता बॅटरीवरचे काटे आले. पण ज्या आजीने आयुष्यभर कापूस वेचला, तिच्या हातात हा जुना काटा द्या आणि विचारा, "आजी, हे काय गं?" तिला चष्मा लागणार नाही. काट्याचे नाव तर ती सांगेलच, पण गावात कोणाचा काटा खरा होता आणि कोणाचा नव्हता, हेही सांगेल. हे कोणत्याही पट्टीवर कोरलेले नसते. आणि किती दिवसांनी आपल्याला कोणी काही विचारले, याचा आनंद तिच्या बोलण्यात ऐकू येईल.

न कळणारी गंजलेली वस्तू टाकून दिली नाही, तर तिच्यातून काय निघू शकते ते बघा. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ एक जहाज बुडालेले होते. १९०१ साली पाणबुड्यांनी त्यातून बऱ्याच वस्तू वर काढल्या. त्यात काशाचा एक गंजलेला गोळाही होता. पुढच्या वर्षी त्यात दातेरी चाक दिसले. मग एका पिढीने तो पाहिला, दुसरीने क्ष-किरणांनी आत डोकावून बघितले, तिसरीने एकेका चाकाचे दात मोजले. एका चाकाला २२३ दात निघाले. ग्रहणांचे चक्रही २२३ चांद्रमासांचे असते. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते यंत्र सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणे दाखवणारे होते, हे उलगडायला शंभर वर्षांहून जास्त काळ गेला. आपल्या घरातल्या वस्तूला एवढा वेळ लागत नाही. आज कामावर जाण्यापूर्वी अशी एखादी वस्तू घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या हातात द्या आणि ते सांगतील ते ऐका. संध्याकाळी एका चिठ्ठीवर वस्तूचे नाव आणि उपयोग लिहून ती दोऱ्याने वस्तूला बांधा. ज्यांनी ओळखली, त्यांचेही नाव खाली लिहा.