नाश नेमका कशाचा?

विद्युत-रासायनिक ऑक्सिडेशनमध्ये दूषित पाण्यात दोन विद्युतअग्रे बुडवून वीज सोडतात. धनाग्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंपासून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि हाती लागेल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. मातीसाठीही हीच युक्ती वापरतात, फक्त तिथे प्रदूषक आधी ओलाव्यात उतरावा लागतो. कोळशाच्या गाळणीत प्रदूषक पाण्यातून निघून कोळशात जाऊन बसतो. विद्युत-रासायनिक ऑक्सिडेशनमध्ये मात्र तो ‘नष्ट’ होतो, असे म्हणतात. पण नष्ट होणे म्हणजे काय, यावर भारतीय दर्शनांचे एकमत कधीच नव्हते.

सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच असते. म्हणून नाश म्हणजे कार्याने कारणात परत लीन होणे. मुळातले काहीच संपत नाही. वैशेषिकांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी घट हा खापरांहून वेगळा ‘अवयवी’ आहे. अवयवांचा संयोग सुटला की तो खरोखर संपतो. या नसण्याला ते प्रध्वंसाभाव म्हणतात: त्याला आरंभ आहे, अंत नाही. भट्टीत कच्चे मडके परमाणूंपर्यंत विरते आणि नवे मडके घडते, इथपर्यंत ते हा विचार ताणतात. नैयायिकांनी हे मानले नाही, आणि आव्यात डोकावणाऱ्या कुंभारानेही मानले नसते.

फिनॉलचे उदाहरण या वादाला नेमके लागू पडते. त्याचे रंगहीन द्रावण धनाग्रापाशी आधी पिवळसर-तपकिरी होते, कारण फिनॉलपासून बेंझोक्विनोन बनते. मग वलय तुटून मॅलेइक, ऑक्झॅलिक अशी आम्ले येतात आणि अखेर कार्बन डायऑक्साइड. फिनॉलच्या एका रेणूला इथवर पोहोचायला 28 इलेक्ट्रॉन सोडावे लागतात. इरिडियम ऑक्साइडच्या धनाग्रावर गाडी बहुधा आम्लांपाशीच अडते. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या धनाग्रावर ती शेवटपर्यंत जाते. विद्युत-रसायनशास्त्रज्ञ कोम्निनेलिस यांनी 1994 मध्ये धनाग्रांमधला हा भेद मांडला.

वैशेषिकांच्या हिशेबाने फिनॉल पहिल्याच पायरीवर संपले. पण बेंझोक्विनोन फिनॉलपेक्षा जास्त विषारी आहे! द्रव्याचा नाश झाला, दोषाचा नाही. सांख्यांच्या हिशेबाने सहाही कार्बन अणू शेवटपर्यंत शाबूत आहेत, तरीही दोष गेलेला असतो. म्हणजे दोष ना केवळ अवयवीत, ना मूळ द्रव्यात. तो अणूंच्या विशिष्ट मांडणीत असतो. हे उत्तर दोन्ही दर्शनांच्या मधले आहे आणि सेंद्रिय विषांपुरते तेच योग्य वाटते. आर्सेनिकला ते लागू नाही: तिथे मूलद्रव्यच घातक असल्याने विजेने त्याचे रूप बदलता येते, पण ते वेगळे काढून कुठेतरी ठेवावेच लागते.

मांडणीतला दोष उलट दिशेनेही उपजतो. पाण्यात साध्या मिठाचे क्लोराइड असले, तर हिऱ्याच्या त्याच धनाग्रावर त्याचे क्लोरेट आणि पुढे परक्लोरेट होते. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. म्हणून सेंद्रिय कार्बन शून्यावर आला तरी तपासणी थांबवता येत नाही. परक्लोरेट वेगळे मोजावे लागते, कारण त्यात कार्बन नसतोच.