पहिल्या अध्यायातील मौन

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत, आणि त्या सबंध अध्यायात श्रीकृष्णाच्या मुखी अर्ध्या श्लोकाहून अधिक शब्द नाहीत. जमलेले हे कौरव पाहा, एवढेच तो पार्थाला सांगतो. पुढे अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून गळू लागते, कुलक्षयाच्या कल्पनेने त्याची बुद्धी व्याकूळ होते. आणि ही सारी कैफियत मांडून तो धनुष्यबाण टाकून रथात बसेपर्यंत सारथी मध्ये एक शब्द घालीत नाही. अर्जुन काही वयाने कोवळा नव्हता. तरीही तरुण मनांची चिकित्सा करू इच्छिणाऱ्याने गीतेतील तत्त्वज्ञानाकडे वळण्यापूर्वी या मौनापाशी थांबावे, असे मला मनापासून वाटते.

दुःखिताला उपदेश करण्याचा अधिकार कोठून प्राप्त होतो, हा मूळ प्रश्न आहे. ज्ञानाने, वयाने की पदवीने? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्यक्ष भगवंतही प्रथम रागेच भरतात, हे दौर्बल्य तुला शोभत नाही म्हणून बजावतात, आणि त्या ताडनाचा काडीइतकाही उपयोग होत नाही. भीष्मद्रोणांवर बाण कसे टाकू, हीच अडचण अर्जुन पुन्हा मांडतो. आणि मी तुझा शिष्य आहे, मला मार्ग दाखव, असे तो आपण होऊन म्हणतो, त्यानंतरच खऱ्या उपदेशाला प्रारंभ होतो. अधिकार ऐकणाऱ्याने दिला, तेव्हा तो मिळाला.

पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले पाहा. मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यातून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, पैसे पुरावेत म्हणून मेसचा डबा एकच वेळ लावणारा तरुण समुपदेशकासमोर बसतो आणि म्हणतो, "सर, झोप लागत नाही." कागदावर निद्रानाशाची नोंद होते, आणि ती खोटीही नसते, परंतु गावी वडिलांनी कर्ज काढले, धाकट्या बहिणीचे शिक्षण अडले, वयोमर्यादा संपत आली आणि यंदाही यादीत नाव नाही, तेव्हा आपल्याला घरी तोंड दाखवण्याचा हक्क उरला आहे काय, हा जो प्रश्न त्याला रात्रभर जागवतो, तो लक्षणांच्या कोष्टकात मावत नाही. तो पुत्रधर्माचा प्रश्न आहे. सकारात्मक विचार कर, असे त्याला सांगणे म्हणजे प्रश्न ऐकण्यापूर्वीच तो निकालात काढणे होय. आणि गीतेचाच एखादा श्लोक तोंडावर फेकणे तर त्याहून क्रूर.

याचा अर्थ औषधाची गरज नाही, असा कोणी घेऊ नये. तीव्र विषाद हा आजार आहे, त्यावर मनोविकारतज्ज्ञाचा इलाज वेळेवर झालाच पाहिजे, आणि जीव देण्याची भाषा कानी पडली तर क्षणाचाही विलंब क्षम्य नाही. आपल्या कायद्यानेही २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरून त्याला शिक्षेपासून दूर ठेवले. जेथे सरकार दंडाचा हात आवरते, तेथे चिकित्सकाने दूषणाचा स्वर आवरू नये काय?

सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही. आणि कृष्ण प्रथम ते निःसंशय मान्य करतो, मग अभ्यास आणि वैराग्याचा उपाय सांगतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. शेवटी अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि तुझ्या इच्छेस येईल ते कर, अशी मुभा तो देतो. आमचे समुपदेशनाचे वर्ग चालवणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती आहे की, त्यांनी विद्यार्थ्यांना उपचाराच्या पद्धती अवश्य शिकवाव्यात, पण पहिल्या भेटीत सल्ला न देता समोरच्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा सराव त्याआधी करून घ्यावा.