नामदेवरायांची तुपाची वाटी

सर्वांभूती एकच चैतन्य आहे, हा सिद्धांत वारकऱ्यास नवा नाही. आम्ही कीर्तनात तो सांगतो, श्रोते माना डोलावतात, टाळ वाजतात. पण तोच सिद्धांत मंडपाबाहेर रस्त्यावर आला म्हणजे त्याची परीक्षा सुरू होते. आमच्या नागपुरात ती परीक्षा भटक्या कुत्र्यांनी घेतली.

20 ऑक्टोबर 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला की, रस्त्यावर कुत्र्यांस कोणी खाऊ घालू नये. ज्यास घालावयाचे त्याने कुत्रे दत्तक घ्यावे, महानगरपालिकेत नोंद करावी आणि आपल्या घरी खाऊ घालावे. मोडल्यास 200 रुपयांपर्यंत दंड. पुढे 16 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि खाऊ घालण्यासाठी जागा नेमून देण्यास महानगरपालिकेस फर्माविले.

कायद्याचे न्यायालय जाणे. पण दारोदारी वाद पेटला तो धर्माचा. एक म्हणे, "मुकं जनावर, त्यातही देवच आहे." दुसरा विचारी, "महाराज, लेकराले कुत्रं चावलं, तं त्या दातातही देवच पाहू का?" प्रश्न कडू आहे, पण वावगा नाही. त्याचे उत्तर न देता नुसते अद्वैत सांगणे म्हणजे लोकांची फसवणूक होय.

प्रथम शास्त्र पाहू. गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचेही नाव घेतले आहे. ज्ञानी या सर्वांठायी सम पाहतो. तेथे समदर्शन सांगितले आहे, समवर्तन नव्हे. तापाने फणफणलेल्या लेकरास आई पेज देते, धडधाकट लेकरास भाकरी देते. वर्तन दोन, माया एकच. म्हणून चावऱ्या कुत्र्यास धरून नेले, त्यास लस टोचली, तर अद्वैत भंगत नाही. हे दुःख माझे, ते परक्याचे, अशी वाटणी केली की मात्र ते भंगते.

आता नामदेवरायांची कथा आठवा. कुत्र्याने भाकरी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. वाचकहो, येथे थोडे थांबा. भाकरी तर गेलीच होती, कुत्र्याचे पोट भरणारच होते. मग धावले कशासाठी? कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून! अन्न मुखी पडल्यावर पुढे त्या जीवाचे काय होईल, ही काळजी म्हणजेच ती तुपाची वाटी.

आज आम्ही शिळे तुकडे कोपऱ्यावर टाकतो आणि पुण्य घेऊन घरी येतो. ही भाकरी झाली, तूप कोठे आहे? त्या कुत्र्याची नसबंदी व लस झाली का, हे पाहणे म्हणजे तूप. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, असे केंद्राचे 2023 चे नियम सांगतात. ते पाळणे, उष्टे झाडून टाकणे, हेही तूपच. आणि चावलेल्या लेकराची जखम ताबडतोब साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्यास लसीकरिता दवाखान्यात नेणे, हे तर पहिले तूप! रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा हाती लागत नाही. वेळेवर लस घेतली तर तो वाचतो.

जो कुत्र्यास दगड मारतो, त्याने त्यातील चैतन्य नाकारले. जो तुकडा टाकून लेकराच्या रडण्याकडे पाठ फिरवितो, त्यानेही तेच नाकारले, फक्त दुसऱ्या देहातले. दोघांच्याही हाती वाटी नाही.

कुत्र्याच्या घशासाठी आणि लेकराच्या जखमेसाठी ज्याचे पाऊल सारखेच धावते, त्याला सर्वांभूती विठ्ठल कळला असे आम्ही समजतो. पांडुरंग आपणा सर्वांस तसे धावण्याची बुद्धी देवो. रामकृष्णहरि!