प्रतीक्षा यादी आणि सोपाऱ्याचा बाहिय



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एक शब्द घरोघर ऐकू येऊ लागतो. तो शब्द म्हणजे प्रतीक्षा यादी. मुलीने वर्षभर अभ्यास केलेला असतो, गुणही चांगले पडलेले असतात, मुंबईच्या नामांकित कॉलेजात अर्ज भरलेला असतो. पहिली यादी लागते, तिच्यात नाव नसते. पण नकारही आलेला नसतो. नाव असते प्रतीक्षा यादीत, समजा एक्केचाळिसाव्या क्रमांकावर. होकार आला असता तर पेढे वाटले असते. नकार आला असता तर चार दिवस रडून दुसरी वाट धरली असती. ‘थांबा’ हे उत्तर मात्र माणसाला धड हसू देत नाही आणि धड रडूही देत नाही. वसई, नालासोपारा, विरारच्या ज्या घरांत कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच मूल आहे, त्या घरांना हे थांबणे फार जड जाते.

अशा वेळी घरात काय बोलले जाते ते आठवून पाहा. आजी म्हणते, नशिबात असेल तर मिळेल. शेजारीण आपुलकीने सुचवते, एकदा डोंगर चढून नवस बोलून या. कुणी म्हणतो, मागच्या जन्मीचे भोग आहेत. आणि दमून कामावरून आलेला बाप हळूच म्हणून जातो, आपली पायरीच ती, उगाच मोठ्या कॉलेजच्या नादी लागलो. शेजारणीच्या श्रद्धेविषयी आपल्याला वाईट बोलायचे नाही. पण ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यांनी स्वतःला विचारले पाहिजे की या चार उत्तरांपैकी एकतरी उत्तर त्या यादीच्या कागदावर लिहिलेले होते काय? विहारात वंदना म्हणताना कोणी डगमगत नाही. दीक्षेची कसोटी लागते ती अशा आठवड्यांत, रात्री घरातला दिवा मालवल्यावर.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपण राहतो त्या भूमीतच ते आहे. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पालीतील सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु याच सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर बाहिय नावाचा एक साधक राहत होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याची कथा ‘उदान’ या पाली ग्रंथात आहे.

बाहियाला लोक मान देत, दान देत. पण आपल्याला खरे ज्ञान झालेले नाही, हे उमगताच तो सोपारा सोडून थेट श्रावस्तीला गेला. तथागत त्या वेळी भिक्षेसाठी वस्तीत गेले होते. बाहियाने त्यांना वाटेतच गाठले आणि धम्म सांगण्याची विनंती केली. तथागतांनी ही वेळ नव्हे, असे सांगितले. बाहियाने दुसऱ्यांदा विनवले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. त्याने तिसऱ्यांदा विनवले. आयुष्याचा भरवसा नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. तेव्हा तथागतांनी तिथे रस्त्यातच त्याला उपदेश केला. त्याचा आशय असा की, जे पाहिले त्यात पाहिले तेवढेच असू दे, जे ऐकले त्यात ऐकले तेवढेच असू दे. आपल्या मनाची भर त्यात घालू नकोस. एवढ्यावरच बाहिय मुक्त झाला. पुढे तथागतांनी आपल्या शिष्यांमध्ये कोण कशात श्रेष्ठ ते सांगितले, तेव्हा झटकन आकलन होणाऱ्यांत बाहियाला पहिले स्थान दिले.

आता विचार करा. सर्वांत झटकन समजणारा जो माणूस, त्यालाच दोनदा ‘आता नव्हे’ हे ऐकावे लागले. त्या उत्तराचा संबंध वेळेशी होता. बाहियाच्या योग्यतेविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

हाच उपदेश त्या यादीला लावून पाहा. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस. जागा किती, अर्ज किती, गुण किती आणि प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जण दुसरीकडे जाणार, एवढ्या कारणांनी तो आकडा झाला. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे हेच. कारणे असतात म्हणून कार्य होते आणि कारणे बदलली की कार्य बदलते. सकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरीपर्यंत उभा राहणारा माणूस बसलेल्यापेक्षा हलका ठरतो काय? डब्यात बाकडी तेवढीच आहेत, चौथ्या सीटवर टेकायला मिळाले तरी पुष्कळ, हे आपण रोज पाहतो आणि त्याचे दुःख मानत नाही. मग कॉलेजच्या यादीत मात्र आपली जात, आपले नशीब आणि आपली पायरी कुठून येऊन बसते? ती यादीत नसते. हजारो वर्षे ज्या समाजव्यवस्थेने माणसांना जन्मावरून खालीवर बसवले, तिने आपल्या मनात ठेवून दिलेली ती जुनी यादी आहे. नवी यादी दिसली की जुनी जागी होते. गतजन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख ढकलणारी शिकवण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली, ती याच कारणासाठी. अशा शिकवणीने गरिबीचा सगळा दोष गरिबावर जातो आणि समाज मोकळा सुटतो.

कुणी विचारील, मग मुकाट बसावे काय? मुळीच नाही. बाहिय पहिल्या उत्तरानंतर सोपाऱ्याला परतला नाही. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. येण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. ही प्रतीक्षाच होती. त्या काळात बडोद्याला त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, तेव्हा तो पुन्हा लिहून १९२३ साली ती पदवीही मिळवली. मधली तीन वर्षे त्यांनी दाराशी बसून काढली नाहीत. आणि जागा थोड्या आहेत हे सत्य त्यांनी नुसते सोसलेही नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडून त्यांनी जागा वाढवल्या. आकडा मनाला लावून घेऊ नये. पण जागा इतक्या थोड्या का, हे समाजाला आणि सरकारला जरूर विचारावे. या दोन गोष्टींत विरोध नाही.

म्हणून प्रतीक्षेच्या दिवसांत करण्यासारखे ते करा. जवळच्या ज्या कॉलेजात प्रवेश मिळतो आहे तिथे तो घेऊन ठेवा. वसई-विरारच्या कॉलेजात शिकणे हा कमीपणा नव्हे. फेऱ्यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढा. १९९० पासून केंद्राच्या सवलतीही बौद्धांना मिळतात. तो हक्क आहे, लाजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट, जी क्वचितच बोलली जाते. प्रतीक्षा यादीतले नाव वर सरकते ते दुसऱ्या कुणीतरी जागा सोडल्यावर. तेव्हा कुणाचे तरी बिघडावे अशी इच्छा मनात डोकावते. ती ओळखा आणि सोडून द्या. ज्याला अधिक चांगले मिळाले म्हणून तो जागा सोडतो, त्याच्या आनंदात आनंद मानणे म्हणजे मुदिता. आणि उद्या आपल्या मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, तर नको असलेली जागा त्याच दिवशी रद्द करा. मुदतीत प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळण्याचे नियम आहेत. बघू, राहू दे, असे म्हणून जी जागा आपण अडवून ठेवतो, ती यादीतल्या पुढच्या मुलाच्या ताटातली भाकरी असते. पंचशीलातले दुसरे शील चोरापुरतेच सांगितले आहे, असे समजू नका.

आईबापांना शेवटी एवढेच सांगणे. या दिवसांत मुलासमोर शेजारच्या मुलाचे नाव घेऊ नका. मूल अबोल झाले, त्याची जेवणझोप तुटली, तर त्याला एकटे सोडू नका. जवळ बसा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्या. आयुष्याचा भरवसा नाही म्हणून बाहिय घाई करत होता. त्याच कारणासाठी प्रतीक्षेच्या दिवसांतही जगणे थांबवायचे नसते. यादी कॉलेजच्या दारावर लावलेली असते, ती मुलाच्या कपाळावर लिहिली जाऊ नये, हे पाहणे आपले काम आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!