यात्रा करावी की दान द्यावे?

वेलांकणीची किंवा जुन्या गोव्याची यात्रा ठरली की एक प्रश्न हमखास निघतो. बसभाड्यात, राहण्याजेवणात एवढा पैसा घालवण्यापेक्षा तो गावातल्या गरजूंना का देऊ नये? देव तर सर्वत्र आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आपले देवबाग. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, उधाणात जमीन खचते. अशा गावात हा प्रश्न अधिकच बोचतो. यात्रा काढणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हांला वाटते.

प्रश्न जुनाच आहे. बेथानी गावात एका स्त्रीने प्रभूच्या चरणांवर मौल्यवान सुगंधी तेल ओतले, तेव्हा तो यूदाने विचारला. गरीब सदैव तुमच्याजवळ असतील, या आशयाचे प्रभूचे उत्तर आपण पुष्कळदा पळवाट म्हणून वापरतो. वस्तुतः ते शब्द जुन्या करारातील अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण करून देतात आणि तेथे लगेचच गरीब बांधवासाठी हात मोकळा ठेवण्याची आज्ञा येते. भक्ती आणि दान यांपैकी एकाची निवड करा, असे प्रभू सांगत नाही.

ज्या यहुदी परंपरेत प्रभू वाढला, तिच्यात या दोहोंची सांगड कशी घातली आहे, हे पाहण्यासारखे आहे. तेथे दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. या शब्दाचे मूळ न्यायाशी जोडलेले आहे. देणे ही मेहेरबानी नव्हे, ते कर्तव्य आहे. प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती चार पैसे देऊन ते पोहोचल्या ठिकाणी एखाद्या गरिबाला द्यायला सांगण्याची त्यांच्यात रीत आहे. मग तो नुसता प्रवासी राहत नाही. तो सत्कृत्याचा दूत होतो आणि अशा दूताचे देव रक्षण करतो, अशी श्रद्धा आहे. घरी राहिलेला मनुष्यही त्या पैशांच्या रूपाने यात्रेत सहभागी होतो.

हे लोक आपल्याला परके नाहीत. आपल्याच कोकणपट्टीवर, अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे मराठी बोलणारे बेने इस्रायल मानतात. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, त्या खडकाच्या दर्शनाला ते जातात. पोहे, खोबरे, गूळ-साखर व फळे यांचा ‘मलिदा’ प्रार्थनेनंतर सर्वांना वाटतात. यात्रेचा प्रसाद आणि पंगत तेथे वेगळी नसते.

या संदर्भात मुंबईत 1859 साली जन्मलेल्या फ्लोरा ससून यांचे उदाहरण घ्यावे. त्या बगदादहून आलेल्या यहुदी घराण्यातल्या. 1894 साली पती निवर्तल्यावर मुंबईतील पेढीचा कारभार त्यांनी स्वतः सांभाळला. हाफकिन यांच्या लशीची लोकांनी धास्ती घेतली होती, तेव्हा लोकांची भीती मोडावी म्हणून त्यांनी स्वतः ती टोचून घेतली. 1901 साली त्या लंडनला गेल्या. प्रवासात सामुदायिक प्रार्थना चुकू नये म्हणून त्या दहा पुरुषांचा मेळा सोबत नेत आणि धर्मनियमानुसार मांस सिद्ध करणारा माणूसही घेत. दानशूर म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या आयुष्यात यात्रा आणि दान एकमेकांच्या आड आली नाहीत.

त्या श्रीमंत होत्या, आपले काय, असे कोणी म्हणेल. परंतु बेने इस्रायल बहुतांशी मध्यमवर्गीय होते, तरी त्यांच्या स्त्रियांनी 1913 साली मुंबईत आपले स्त्री मंडळ उभे केले. त्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड लंडनला जाऊन प्रसूतिशास्त्र शिकल्या, परत आल्या आणि 1947 सालापर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयात त्यांनी स्त्रियांची सेवा केली. प्रवासात मिळवलेले त्यांनी आपल्या माणसांत आणून दिले. यात्रेची कसोटी याहून वेगळी ती काय असणार?

म्हणजे खरा प्रश्न बसभाड्याचा नाही. बसमध्ये कोणाला जागा मिळाली आणि कोण घरी राहिले, हा आहे. ऐपत नसलेल्या विधवेला फुकट जागा देऊन पुढे वर्षभर तिला त्या उपकाराची आठवण करून दिली, तर ते दान नव्हे. बाराव्या शतकातील यहुदी पंडित मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाला कर्ज, भागी वा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे ही सर्वांत वरची. तिच्या लगेच खाली, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा, अशी पायरी. आपल्याकडे मात्र देणाऱ्यांची नावे मोठ्याने वाचली जातात.

आम्हांला वाटते, पुढच्या यात्रेआधी चर्चमध्ये एक बंद पेटी ठेवावी. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे त्यात भाडे टाकावे. कोणी किती टाकले, हे कोणी विचारू नये. अंथरुणाला खिळलेल्यांनी आपली नाणी यात्रेकरूंच्या हाती द्यावीत आणि पेटीत जे उरेल, त्यातून गावातल्या एखाद्या घराला जाळे घ्यायला वा शिलाईयंत्र घ्यायला हातभार लावावा. अशी यात्रा परतल्यावर संपत नाही.