मान खाली घातली म्हणजे कबुली का?



अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंडळाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आयुष्यभर व्हाउचरं लिहिली, मला तत्त्वज्ञान काय जमणार? पण गेल्या मार्गशीर्षात घरात एक गोष्ट घडली. ती मनातून जात नाही, म्हणून तीच दत्तभक्तांपुढे ठेवतो.

महाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तसबीर देवघरात आणि खरं कुत्रं उंबऱ्याबाहेर, हा बहुतेक घरांचा रिवाज. आमच्याही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत कबुतर आहे, अजगर, हत्ती, कोळीसुद्धा आहे. कुत्रा नाही. याचं मला नेहमी नवल वाटायचं.

कार्तिकी पौर्णिमेनंतर नातवाच्या हट्टाने पिल्लू आलं. गावठीच. नवरात्रात जन्मलेलं, म्हणजे दोन महिन्यांचं. नाव मोती. आठ दिवसांनी नातू पुण्याला शाळेत गेला आणि मोती आमच्या गळ्यात पडला. सौ. म्हणाली, "आता तुम्हीच निस्तरा." मेढ्याची थंडी काय असते ते सांगायला नको. त्या थंडीत पहाटे उठून मी त्याला अंगणात नेऊ लागलो. एवढ्याशा पिल्लाला लघवी धरून ठेवता येत नाही. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर न्यायचं, आणि योग्य जागी केलं की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. पाच मिनिटांनी दिलेली शाबासकी त्याला कळत नाही. शिक्षेचंही तेच. हे मला पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचायला नेलं तेव्हा सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि विसरलो. (तिथेच कळलेलं आणखी एक सांगून ठेवतो. प्रसादातले बेदाणे कुत्र्याला कधीही घालू नका. आपल्याला गोड, पण त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.)

जयंतीआधी घरी गुरुचरित्राचा सप्ताह असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पोथीचं लाल फडकं पडवीत चिंध्या होऊन पडलेलं. डोकंच फिरलं. मोतीला धरून आणलं, फडकं नाकाशी धरलं आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने चार फटके दिले. त्याने कान पाडले, मान खाली घातली, शेपूट पायात घेतली आणि जागीच मुतला. मी सौ.ला म्हटलं, "बघ, कळतंय त्याला काय केलंय ते." ती काही बोलली नाही.

सप्ताह संपल्यावर तिने तांदळाचं पिंप सरकवलं. मागे उंदराचं घरटं, आणि त्यात लाल सुतांचा गोळा.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, यावर प्रयोग झालाय." न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या बाईंनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर तो केला. खाऊ खायचा नाही, असं सांगून मालक बाहेर जायचा. काही कुत्र्यांनी खाऊ खाल्लाच नव्हता, तरी मालकाला खाल्ला म्हणून सांगितलं. मालक रागावला की कुत्रं अपराधी दिसायचं, मग त्याने खाल्लेलं असो वा नसो. उलट न खाल्लेलं, पण बोलणी खाल्लेलं कुत्रं जास्तच अपराधी दिसलं. म्हणजे ती खाली मान गुन्ह्याची नव्हती, आपल्या चढलेल्या आवाजाची होती.

हे ऐकलं आणि मला बँकेतली एक संध्याकाळ आठवली. कॉम्प्युटर यायच्या आधीची. मी कॅशवर होतो. दिवसअखेरीला पाचशे रुपये कमी आले. बंडलं बांधायला शिपाई शेजारी होता. मी त्याला सगळ्यांदेखत खिसे उलटे करायला लावले. त्याने केले, मान खाली घालून. ती मान बघून मी शेजारच्या क्लार्कला डोळ्यांनी खूण केली. दुसऱ्या दिवशी चूक माझ्याच पेमेंट स्क्रोलमध्ये सापडली, एक शून्य कमी लिहिलं होतं मी. दुरुस्त करून वर सही घेतली. त्याला मात्र एक शब्द बोललो नाही.

आदिपर्वात सरमेची गोष्ट आहे. जनमेजयाच्या भावांनी यज्ञाच्या जागी आलेल्या तिच्या पिल्लाला मारलं. ते रडत आईकडे गेलं. आईसुद्धा आधी म्हणाली, तूच काहीतरी केलं असशील. ते म्हणालं, मी हवीकडे पाहिलंही नाही, चाटणं तर दूरच. सरमा जाऊन जाब विचारते, आणि तिथे कोणी उत्तरच देत नाही. मग ती शाप देते, निरपराध्याला मारलंत म्हणून तुमच्यावर न दिसणारं भय येईल. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती. पोथीच्या फडक्यावरून पिल्लाला मारताना ती आठवली नाही.

कोणी म्हणेल, मग धाकच नको का? दोरी हवीच. दारावरून महाबळेश्वरच्या गाड्या जातात, 'नाही' म्हणजे नाही हे त्याला कळलं पाहिजे. पण शिकवणं वेगळं आणि आपला राग काढणं वेगळं, आणि हातात सुरळी असताना हा फरक दिसत नाही. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलायची सोय नाही, त्याचा चेहरा आपण पुरावा म्हणून वापरतो.

आमची वेण्णा पुढे संगम माहुलीला कृष्णेला मिळते. तिथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून वाचवलं म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली, अशी आख्यायिका. उपकार करणाऱ्याला पालखी देणं राजाला शोभलंच. पण ज्याने अजून काहीच उपकार केलेला नाही, उलट चटई ओली केली आहे, त्याच्याशी न्यायाने वागणं मला तरी जड गेलं.

सप्ताहानंतर महिन्याभराने त्या शिपायाच्या गावी गेलो. तोही आता रिटायर आहे. सगळं बोललो. तो हसला. "सायेब, कवाचं काय काढून बसलाय. म्या तर इसारलो बी." मग चहा ओतता ओतता म्हणाला, "पर पाचशे नव्हतं, साडेचारशे व्हतं."

येताना गाडीत हिशेब केला. पाचशेचे पन्नास लिहिले, तर फरक साडेचारशेच येतो.